घरातले लिंबू: पाचकापासून ओट्यापर्यंत कुठे वापरावे आणि कुठे टाळावे

कोल्हापुरात मिसळीच्या ताटात लिंबाची फोड आली नाही, तर गिऱ्हाईक जादा कट मागायच्या आधी लिंबू मागते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटालाही हीच रीत आहे. इतक्या रोजच्या या फळाविषयी घराघरांतून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे खरे आहे, काही अर्धवट खरे आहे आणि थोडे सरळ अपायकारक आहे. यातले कोणते कशात मोडते हे ओळखायचे असेल, तर लिंबाचा कोणता भाग कोणते काम करतो हे आधी पाहावे लागते. रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक आम्ल असते आणि लिंबाची निम्म्याहून अधिक कामे हे आम्लच करते. सालीत सुवासिक तेल असते. उरले क जीवनसत्त्व, ज्याचे नाव सर्वांत मोठे आहे आणि वाटा त्यामानाने लहान.

हे शेवटचे वाक्य अनेकांना पटणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. एका मध्यम कागदी लिंबातून 15 ते 20 मिलिलिटर रस निघतो आणि त्यातून मिळणारे क जीवनसत्त्व साधारणतः 10 मिलिग्रॅमच्या आतच असते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज 65 ते 80 मिलिग्रॅमच्या घरात आहे. एक पेरू किंवा एक आवळा ही गरज एकट्याने भागवतो, लिंबू भागवत नाही. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या शल्यवैद्याने ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांना निरनिराळे उपचार देऊन पाहिले आणि त्यात संत्री व लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ती लिंबे युरोपातली मोठी, जाड सालीची होती. पुढे त्याच नौदलाने वेस्ट इंडीजमधली, आपल्या कागदी लिंबाच्या जातकुळीतली लहान लिंबे घेतली, तेव्हा त्यांच्या रसात हे जीवनसत्त्व कमी असल्यामुळे स्कर्व्हीने पुन्हा डोके वर काढले. तेव्हा लिंबू खावे ते त्याच्या आम्लासाठी आणि चवीसाठी. क जीवनसत्त्व मिळाले तर वरकड.

नावांचाही एक घोटाळा आधीच मिटवलेला बरा. आपल्याकडे नुसते ‘लिंब’ म्हटले की त्याचा अर्थ कडुलिंब असतो. त्यामुळे गोवर-कांजिण्यांनंतर ‘लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने’ अंघोळ घालावी असे आजी सांगते, तेव्हा तिला लिंबोणीची पाने अभिप्रेत नसतात. अंबाबाईच्या मूर्तीच्या खालच्या उजव्या हातात जे फळ आहे, ते म्हाळुंग. तेही लिंबाच्याच कुळातले आहे, पण त्याची साल जाड आणि रस बेताचा, म्हणून या लेखातल्या कोणत्याही कृतीसाठी ते चालणार नाही. इथे जे काही सांगितले आहे ते कागदी लिंबाविषयी आहे.

निवड, चिरणे आणि साठवण

कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात लिंबे बहुधा वाट्यावर मांडलेली असतात आणि प्रत्येक वाट्यात दोन-तीन चांगली वर व बाकीची खाली असा प्रकार असतो. आकाराकडे पाहून फसू नये. साल पातळ, गुळगुळीत आणि किंचित चकाकणारी असावी, रंग पिवळा किंवा पिवळट हिरवा असावा आणि फळ तळहातावर घेतले असता त्याच्या आकाराच्या मानाने जड लागावे. खडबडीत सालीच्या, टणक, गडद हिरव्या लिंबातून रस कमी निघतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली ‘साई सरबती’ ही जात महाराष्ट्रात बरीच लावली जाते. ती पातळ सालीची आणि रसाळ आहे.

लिंबाला फुले येण्याच्या हंगामाला बहार म्हणतात. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात येतात, त्या वेळी लिंबू स्वस्त असते. उन्हाळ्यात हवी असलेली फळे हस्त बहाराची. हा बहार धरण्यासाठी झाडाला ऐन पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याचा ताण द्यावा लागतो आणि तो प्रत्येक वर्षी साधतोच असे नाही. म्हणून मागणी शिगेला पोचते तेव्हाच माल तुटपुंजा असतो. 2022 च्या उन्हाळ्यात एका लिंबाला दहा रुपये आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त मोजावे लागले, ते पुष्कळांना आठवत असेल. शहाण्या गृहिणीने श्रावणात रस काढून ठेवावा आणि चैत्रात वापरावा.

त्यासाठी रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावा, घट्ट गोठला की खडे काढून हवाबंद डब्यात भरून फ्रीजरमध्येच ठेवावेत. ट्रेचा एक कप्पा म्हणजे जवळजवळ एका लिंबाचा रस, त्यामुळे मापाचा प्रश्न उरत नाही. अख्खी लिंबे ठेवायची असतील तर ती धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. अशी ती तीन-चार आठवडे सहज टिकतात. उघड्या परडीत ठेवलेली लिंबे आठवड्याभरात सुकून त्यांची साल चामड्यासारखी होते, कारण त्यांच्यातले पाणी उडून जाते.

रस काढण्यापूर्वी लिंबू ओट्यावर ठेवून तळहाताने दाब देत दहा-बारा वेळा फिरवावे. फ्रीजमधले असेल तर आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात टाकावे. चिरताना सुरी बरोबर मधोमध न चालवता मधला पांढरा दांडा सोडून बाजूने फोडी उतरवाव्यात, म्हणजे बिया दांड्याकडेच राहतात आणि कापल्या जात नाहीत. बी चिरली किंवा पिळताना चिरडली गेली की तिचा कडवटपणा रसात उतरतो आणि सरबत थोडा वेळ ठेवल्यावर कडू लागते. लोखंडी विळीवर लिंबू चिरू नये, कारण आम्लाने लोखंड विरघळून रस काळपट होतो आणि त्याला गंज लागल्यासारखी चव येते. स्टीलची सुरी घ्यावी.

पोटासाठी: आले-लिंबाचे पाचक आणि भावना दिलेला ओवा

घरगुती औषधांत मला सर्वांत भरवशाचे वाटते ते पाचक. मटणाच्या जेवणानंतर जडपणा वाटला किंवा आजारातून उठल्यावर तोंडाला चव नसली, तर त्याचा एक चमचा पुरतो. लिंबाच्या आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते, आल्याने मळमळ कमी होते आणि पोट हालते राहते. यापलीकडे त्यात जादू नाही.

पाव किलो ताजे, रेषा कमी असलेले आले स्वच्छ धुऊन साल काढून किसावे आणि पातळ फडक्यातून पिळून रस काढावा. हा रस लगेच वापरू नये. तो काचेच्या भांड्यात तास-दीड तास न हलवता ठेवावा. तळाशी चुन्यासारखा पांढरा साका बसतो, तो आल्यातला स्टार्च असतो. वरचा स्वच्छ, मधाच्या रंगाचा रस अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा आणि साका टाकून द्यावा. हे केले नाही तर पाचक चार दिवसांत दाट आणि बुळबुळीत होते. आल्याचा रस एक वाटी असेल तर लिंबाचा रस एक वाटी, साखर दीड वाटी, सैंधव दोन चहाचे चमचे, पादेलोण पाव चमचा आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एक चमचा घ्यावी. साखर विरघळेपर्यंत ढवळावे, गॅसवर ठेवू नये. बाटली काचेची, झाकण प्लॅस्टिकचे असावे आणि ती फ्रीजमध्ये ठेवावी. महिनाभर चांगले राहते. घेताना एक ते दोन चमचे पाचक अर्धा पेला पाण्यात घालून घ्यावे.

प्रवासात बाटली सांभाळणे अवघड, तिथे ओवा उपयोगी पडतो. 100 ग्रॅम ओवा निवडून पसरट काचेच्या भांड्यात घ्यावा, त्यात एक चमचा सैंधव आणि ओवा जेमतेम भिजेल इतका लिंबाचा रस घालावा. साधारण तीन लिंबे लागतात. रात्रभर झाकून ठेवावा, दुसऱ्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. पूर्ण वाळला की पुन्हा रस घालून पुन्हा वाळवावा. रसात भिजवून वाळवणे म्हणजे एक भावना. अशा तीन भावना दिल्या की ओव्याचा दाणा तपकिरी आणि खुसखुशीत होतो. जेवणानंतर चिमूटभर चावून खावा. कडक उन्हात वाळवल्यास ओव्यातले तेल उडून जाते आणि उरतो तो नुसता आंबट भुसा.

ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, छातीत जळजळ होते किंवा अल्सर सांगितलेला आहे, त्यांच्यासाठी मात्र हे दोन्ही प्रकार औषध नव्हेत. ‘लिंबू पोटात गेल्यावर अल्कधर्मी होते’ असे म्हणून त्यांना आग्रह करणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. अन्ननलिकेतून खाली उतरताना ते आम्लच असते आणि दुखावलेल्या जागी ते झोंबते.

जुलाब, ऊन आणि सरबत

जुलाब झाल्यावर लिंबू सरबत देण्याची पद्धत योग्य दिशेची आहे, पण प्रमाण चुकले तर उलटा परिणाम होतो. नेहमीच्या सरबतात साखर जास्त आणि मीठ नावापुरते असते, आणि फार गोड पाण्याने जुलाब वाढतात. सरकारी दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे पाकीट हाच पहिला पर्याय समजावा. ते हाताशी येईपर्यंत उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट द्यावे. चमचा सपाटच हवा, शिगोशीग नको. चव यावी म्हणून अर्ध्या लिंबाचा रस घातला तर चालतो. लहान मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर लिंबाच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जावे.

उन्हातून आलेल्या पाहुण्याचे सरबत वेगळे. चार पेल्यांसाठी आठ ते दहा चमचे साखर आणि पाव चमचा मीठ आधी एका पेला कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावे, ते गार झाल्यावर दोन मोठ्या लिंबांचा रस घालावा आणि मग माठातले पाणी. साखरेऐवजी किसलेला कोल्हापुरी गूळ घेतला तर रंग तांबूस येतो आणि चवीला खोली येते. फक्त गुळाचे पाणी गाळून घ्यावे. रस सर्वांत शेवटी घालण्याचे कारण असे की त्याचा वास सालीतून आणि रसातून उडणाऱ्या तेलाचा असतो, आणि तो अर्ध्या तासात मंदावतो. सरबत तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात कधीही करू नये आणि ठेवू नये. आम्लाने तांबे विरघळते आणि अशा सरबताने मळमळ, उलट्या होतात. ‘तांब्याचे पाणी चांगले’ हे ऐकून त्यातच लिंबू पिळणारे लोक मी पाहिले आहेत.

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने चरबी वितळते, ही समजूत फार पसरलेली आहे. चरबी वितळवण्याचा कोणताही गुण लिंबात नाही. दुधा-साखरेच्या चहाऐवजी ते घेतले तर तेवढी साखर वाचते, हा फायदा खरा. पण त्यात एक मोठा चमचा मध घातला की 60 कॅलरी परत आल्याच. ज्यांना रोज लिंबूपाणी प्यायचे आहे, त्यांनी प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात घासायला किमान अर्धा तास जाऊ द्यावा. आम्लाने दातांवरचे आवरण तात्पुरते मऊ पडते आणि त्याच वेळी ब्रश फिरवला तर ते झिजते.

घसा, घाट आणि त्वचा

कोरड्या खोकल्यावर एक पेला कोमट पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि एक चमचा मध घ्यावा. घशावर मधाचा लेप बसून ढास कमी होते आणि आंबटपणाने लाळ सुटून घसा ओला राहतो. पाणी उकळते असू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यातून होणारी जंतुबाधा त्या वयात जिवावर बेतू शकते.

गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात ज्यांना मळमळते, त्यांनी ताज्या लिंबाची साल नखाने खरवडून हुंगत राहावे. अनेकांना त्याने आराम पडतो, आणि न पडला तरी नुकसान काहीच नाही. अर्थात पुढच्या सीटवर बसणे आणि लांबवर नजर ठेवणे याचा उपयोग त्याहून जास्त होतो.

मुतखड्यावर लिंबू, हा उपाय निराधार नाही. लघवीतले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि काही प्रकारचे खडे पुन्हा होण्याला त्यामुळे आळा बसतो. तरीही झालेला खडा लिंबाने विरघळेल अशी आशा धरून दुखणे अंगावर काढू नये; खड्याचा प्रकार तपासून डॉक्टर सांगतील तेवढेच करावे आणि पाणी भरपूर प्यावे.

त्वचेच्या बाबतीत माझे मत कठोर आहे. चेहरा उजळण्यासाठी लिंबू चोळण्याचा सल्ला अजिबात मानू नये. लिंबाच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात, ज्यांवर ऊन पडले की त्वचेची आग होऊन फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळसर डाग राहतात. भर उन्हात गाड्यावर दिवसभर लिंबे पिळणाऱ्याच्या बोटांच्या मागच्या बाजूला असे डाग दिसू शकतात. म्हणून लिंबे हाताळून उन्हात जायचे असेल, तर हात साबणाने धुऊन मगच जावे. कोंड्यावर लिंबू चोळल्यानेही टाळूची आग होते; एकदोनदा केस मोकळे वाटतात, कोंडा राहतोच. जखमेवर, भाजलेल्या जागी आणि डोळ्यांत लिंबू घालणे हा तर निव्वळ छळ आहे.

याला जवळची वाटणारी एक गोष्ट कोल्हापूरच्या तालमींत दिसते. आखाड्याच्या हौदातल्या लाल मातीत हळद, तेल, ताक, कापूर यांबरोबर लिंबेही घालतात. माती मऊ राहावी आणि मल्लांना त्वचेचे विकार होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. तिथे रस ढीगभर मातीत मुरलेला असतो आणि सरावानंतर पैलवान अंघोळ करतो, त्यामुळे ते उदाहरण चेहऱ्यावर लिंबू चोळायला लागू होत नाही.

स्वयंपाकात नेमके केव्हा पिळावे

लिंबू पिळावे गॅस बंद केल्यावर, हा नियम जवळजवळ सगळीकडे चालतो. पोहे असोत, उपमा असो किंवा वरण, उकळत्या पदार्थात रस घातला की सुवास उडतो, क जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो आणि कधीकधी कडवटपणा येतो. हिरव्या भाजीत लवकर आम्ल पडले तर तिचा रंग शेवाळी होतो. डाळ किंवा कडधान्य शिजण्यापूर्वी लिंबू, चिंच किंवा टोमॅटो घातला तर दाणा टणक राहतो आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी मऊ होत नाही.

पालक, चवळी, मोड आलेली मटकी यांतले लोह शरीराला सहजी मिळत नाही. त्याच जेवणात लिंबू पिळले तर ते शोषले जाण्यास मदत होते, आणि जेवण संपताच चहा घेतला तर तीच मदत वाया जाते. मिसळीतल्या मटकीवरचे लिंबू म्हणूनच नुसत्या चवीचे नाही. त्यानंतर लगेच मागवलेला कटिंग तेवढा अर्ध्या-पाऊण तासाने घ्यावा.

मासे साफ केल्यावर हाताला येणारा वास लिंबाने जातो, कारण तो वास देणारे पदार्थ आम्लारी असतात आणि आम्लाशी संयोग होऊन त्यांचे उडणे थांबते. लसणाच्या वासावर हाच उपाय फारसा चालत नाही, कारण तो वास गंधकयुक्त पदार्थांचा असतो. मटणाला लिंबू लावून ठेवायचे तर अर्धा ते एक तास पुरे. रात्रभर ठेवल्यास वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

पनीरसाठी एक लिटर म्हशीचे दूध उकळून गॅस बंद करावा, दोन मिनिटे थांबावे, मग दोन लिंबांच्या रसात तितकेच पाणी मिसळून ते थोडे थोडे घालत हळूहळू ढवळावे. पाणी हिरवट आणि नितळ दिसले की रस घालणे थांबवावे.

भांडी, नळ आणि ओटा

तांब्या-पितळेवरचा काळपट थर हा बहुतांशी ऑक्साइडचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. रस काढून झालेल्या लिंबाच्या अर्ध्या सालीत जाडे मीठ भरून ती समईवर, पंचपात्रावर, बंबावर चोळावी. अर्ध्या मिनिटात गुलाबी-पिवळा धातू उघडा पडतो. खरी चूक पुढे होते: भांडे नुसते विसळून उपडे घातले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हिरवट डाग दिसतात. चोळून झाल्यावर भरपूर पाण्याने, मग थोड्या साबणाने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. लॅकर दिलेल्या शोभेच्या वस्तूंवर आणि ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये. हुपरीच्या चांदीवरचा काळेपणा गंधकामुळे येतो, त्याला लिंबू लागू पडत नाही. पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरून, गरम पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून चांदीची वस्तू फॉइलला टेकवून ठेवावी. पाच-दहा मिनिटांत ती उजळते.

बोअरच्या जड पाण्याने नळाच्या तोटीवर आणि किटलीत पांढरा थर बसतो. किटलीत दोन लिंबांचा रस आणि पाणी घालून उकळावे, अर्धा तास तसेच ठेवून विसळावे. तोटीवर अर्धे लिंबू पिशवीने बांधून पंधरा-वीस मिनिटांनी काढावे. रात्रभर ठेवल्यास तोटीचा मुलामा उडतो. विळीच्या पात्यावरचा गंज मीठ-लिंबाने निघतो, मात्र नंतर पाते धुऊन, पुसून त्याला तेलाचा हात लावावा लागतो. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि लिंबू लागताच पुन्हा पिवळा होतो. डाग गेला असे त्यात काही नसते, नुसता रंग बदललेला असतो. तो साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवला तरच फिकट होत जातो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जे आम्ल पांढरा थर काढते, तेच दगडही खाते. कडाप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हे सगळे मुळात चुनखडीचे दगड आहेत. आमच्या जुन्या घरी ओटा कडाप्प्याचा होता आणि एका रात्री चिरलेले अर्धे लिंबू त्यावर उपडे राहिले. सकाळी उचलले तर खाली रुपयाएवढे पांढरट वर्तुळ पडलेले होते. घासून, तेल लावून, सगळे करून पाहिले; ते घर सोडेपर्यंत ते वर्तुळ तिथेच होते. ग्रॅनाइटच्या ओट्याला हा धोका फार कमी आहे, तरी सांडलेला रस लगेच पुसावा.

दुसरी सूचना जिवाची आहे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेल्या कोणत्याही क्लीनरबरोबर लिंबू मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो श्वास कोंडतो.

उरलेल्या साली

पिळलेल्या साली साठवून त्यांचे फरशी पुसण्याचे द्रावण करता येते. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग, असे वजनाचे प्रमाण धरावे. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली आणि एक लिटर पाणी. गूळ काळपट, स्वस्तातला चालतो. हे मिश्रण प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावे, वर चौथाई जागा मोकळी ठेवावी आणि झाकणावर तारीख लिहावी. आत आंबण्याची क्रिया सुरू होऊन वायू तयार होतो, म्हणून पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडावा. काचेची बाटली घेतली आणि चार दिवस गावाला गेलात, तर परत आल्यावर काचा वेचाव्या लागतील. तीन महिन्यांनी गाळून घ्यावे आणि बादलीभर पाण्यात अर्धी वाटी टाकून वापरावे. अर्थात टाइलच्या फरशीवर. शहाबादीचे वर सांगितलेच आहे.

लोणचे

लिंबे स्वस्त असतात पावसाळ्यात आणि लोणच्याला ऊन हवे असते. कोल्हापूरच्या पावसात ही दोन्ही एकत्र मिळत नाहीत. यावर उपाय असा की श्रावण-भाद्रपदात लिंबे मिठात घालावीत आणि ऊन ऑक्टोबरचे द्यावे.

एक किलो, म्हणजे साधारण पंचवीस, पिवळी आणि पातळ सालीची लिंबे निवडावीत. डागाळलेले एकही घेऊ नये. धुऊन, पुसून, पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवावीत. देठाच्या खळीत पाण्याचा थेंब राहतो, तो फडक्याच्या टोकाने टिपावा, कारण बुरशीची सुरुवात बहुधा तिथून होते. प्रत्येक लिंबाच्या आठ फोडी कराव्यात, बिया काढाव्यात आणि सुटलेला रसही जपून घ्यावा. त्यात 225 ते 250 ग्रॅम मीठ मिसळून चिनी मातीच्या बरणीत भरावे आणि बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधावा. मीठ कमी करण्याचा मोह आवरावा. लोणचे टिकते ते मिठाने आणि आम्लाने. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवावे. धातूचे झाकण ठेवू नये, ते दोन महिन्यांत गंजते.

फोडी महिन्याभरात मऊ पडतात आणि त्यांचा रंग मधासारखा होतो. ऊन आले की बरणी आठ-दहा दिवस गच्चीवर ठेवावी आणि संध्याकाळी घरात आणावी. मग सहाशे ते सातशे ग्रॅम साखर किंवा चिरलेला गूळ, 60 ग्रॅम तिखट आणि दोन चमचे जिरेपूड घालून आणखी चार दिवस ऊन द्यावे. तिखट निम्मे संकेश्वरी आणि निम्मे ब्याडगी घेतले तर झणका आणि रंग दोन्ही साधतात. उपवासाला चालणारे हेच. रोजच्या जेवणातल्या लोणच्यासाठी यात हळद, तळलेली मेथीपूड आणि हिंग वाढवावा.

वर पांढरी किंवा हिरवी केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचे वापरण्याची काटकसर करू नये, सगळे लोणचे टाकून द्यावे. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी फोडीचा तुकडाच घ्यावा, कारण लोणच्यात मीठ भरपूर असते. नीट मुरलेले लोणचे वर्षागणिक काळे होत जाते आणि आजाऱ्याच्या मऊ भाताबरोबर तेच मागितले जाते, म्हणून जुन्या बरणीत नव्या फोडी न मिसळता दर वर्षाची बरणी वेगळी ठेवावी आणि दादऱ्याच्या दोऱ्याला साल लिहिलेली चिठ्ठी अडकवावी.